जंगल राखणाऱ्यांच्या हातात पर्यटनाचा पैसा येतो का?

रवांडात डोंगरी गोरिला बघायचा असेल तर परदेशी पर्यटकाला परमिटसाठी 1,500 डॉलर मोजावे लागतात. 2017 च्या आधी हाच दर 750 होता. त्या पैशांत काय मिळतं? आठ जणांचा गट आणि गोरिलांसमोर एक तास. तास संपला की गाइड सगळ्यांना परत फिरवतो.

आता त्याच जंगलाला लागून ज्याचं बटाट्याचं शेत आहे, त्याच्या जागी उभं राहून बघा. रानम्हशी शेतात उतरू नयेत म्हणून ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीवर लाव्हाच्या दगडांची लांबलचक भिंत रचलीय. तरीही त्या अधूनमधून उतरतात. परमिटचा पैसा सरकार, हॉटेलं, गाड्यावाले, विमान कंपन्या असा सगळीकडे फिरतो. तुडवलं जातं ते मात्र त्याचं एकट्याचं शेत.

आजचा सगळा विषय या दोन टोकांच्या मधला आहे.

[स्क्रीनवर: रवांडा आणि युगांडाचा नकाशा]

रवांडाने 2005 मध्ये ठरवलं की उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातले 5 टक्के आसपासच्या वस्त्यांना द्यायचे. परमिट महागलं त्याच वर्षी ते 10 टक्के केले. त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या सोयी झाल्या. सीमेपलीकडे युगांडात टक्का आणखी मोठा, थेट 20. ऐकायला छान वाटतं ना? पण 20 टक्के कशाचे, तर उद्यानाच्या प्रवेश शुल्काचे. खरा पैसा आहे 700-800 डॉलरच्या गोरिला परमिटमध्ये, आणि त्यातून गावांकडे परमिटमागे मोजके डॉलर वळतात. म्हणून कुठलंही रिसॉर्ट किंवा सरकार टक्केवारी सांगू लागलं की आधी विचारायचं, कशाची टक्केवारी?

तरीही गोरिलांचं भलं झालंय, हे कबूल करायलाच हवं. जगात डोंगरी गोरिला उरलेत हजाराच्या थोडे वर, पण त्यांची संख्या वाढतेय. 2018 मध्ये आययूसीएनने, म्हणजे कुठल्या प्राण्याला किती धोका आहे ते ठरवणाऱ्या जागतिक संघटनेने, त्यांना 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' वर्गात आणलं. रोजचे गस्तीवाले, माग काढणारे, प्राण्यांचे डॉक्टर नसते तर हे झालं नसतं.

पण मला जास्त शिकण्यासारखा वाटतो तो नामिबिया, कारण तिथे कोणी वाटा काढून दिला नाही, हक्क दिला.

पार्श्वभूमी थोडक्यात. 1975 च्या कायद्याने खासगी शेतजमिनीच्या मालकांना, म्हणजे त्या काळात गोऱ्या शेतकऱ्यांना, आपल्या जमिनीवरच्या बऱ्याच वन्यप्राण्यांवर हक्क दिला होता. सामूहिक जमिनीवर राहणाऱ्या कृष्णवर्णीयांना तो नव्हता. हत्तीने पाण्याची टाकी फोडली तर तोटा त्यांचा, हत्ती सरकारचा. स्वातंत्र्यानंतर 1996 मध्ये कायदा बदलला आणि 1998 मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे गावकऱ्यांची नोंदणीकृत संस्था. हद्द ठरलेली हवी, सभासदांची यादी हवी, घटना हवी, आणि मिळकत कशी वाटणार ते लिहून द्यायला हवं. हे केलं की त्या हद्दीतल्या पर्यटनाचे करार तुम्ही करायचे. आज अशा 86 कॉन्झर्व्हन्सी आहेत आणि देशाची साधारण पाचवा हिस्सा जमीन त्यांच्या हद्दीत येते.

फरक कुठे पडतो, तर वाटाघाटीत. लॉज कंपनी येते तेव्हा समोर गावाचा एखादा पुढारी नसतो, कायद्याने मान्य केलेली संस्था असते. भाडं किती, उत्पन्नातला हिस्सा किती, नोकऱ्या कोणाला, सगळं कागदावर येतं. गावातलेच लोक पगारी राखणदार होतात. दिसलेला प्राणी, मेलेलं जनावर, शिकाऱ्यांचा माग, सगळं साध्या नोंदवहीत टिपतात. ती वही गावाची असते, बाहेरून आलेल्या संशोधकाची नाही.

एक अडचणीची गोष्टही सांगतो, कारण पर्यटनाच्या चकचकीत व्हिडिओत ती गाळलेली असते. अनेक कॉन्झर्व्हन्सींची बरीच कमाई परवाना घेऊन होणाऱ्या शिकारीतून येते. मला ते पचत नाही. पण ज्या रुक्ष भागात कॅमेरा घेऊन कोणीच फिरकत नाही, तिथल्या लोकांना 'ती कमाई सोडा' म्हणणाऱ्याने बदल्यात काय देणार, तेही सांगायला हवं.

[स्क्रीनवर: मसाई माराचा नकाशा]

केनियातली तऱ्हा तिसरीच. मसाई मारा अभयारण्याच्या भोवतीची जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. शेजारशेजारची कुटुंबं आपले तुकडे एकत्र करतात, यालाही कॉन्झर्व्हन्सीच म्हणतात, आणि कॅम्पचालक त्यांना एकरी भाडं देतात. बदल्यात कुटुंबांनी तिथे कुंपण घालायचं नाही, गुरं ठरलेल्या नियमानेच चारायची. किती खाटांचे कॅम्प चालतील, त्यालाही मर्यादा. हे भाडं पर्यटकांच्या संख्येवर नाही, जमिनीवर ठरतं. त्यामुळे हंगाम मंदावला तरी घरात पैसा येत राहतो.

निदान 2020 पर्यंत येत होता.

2019 मध्ये जगभरात सुमारे 146 कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक फिरले. 2020 मध्ये उरले साधारण 40 कोटी. कॅम्पना कुलपं लागली, भाडं भरायला पैसा नव्हता. मारामधल्या काही कॉन्झर्व्हन्सींना त्यासाठी कर्ज काढावं लागलं. नामिबियात राखणदारांचे पगार थांबू नयेत म्हणून सरकार आणि संस्थांनी मिळून तातडीचा निधी उभा केला. त्याच जूनमध्ये युगांडाच्या बविंडी जंगलात रफिकी नावाचा रुपेरी पाठीचा नर गोरिला मारला गेला. तो पर्यटन बंद पडल्यामुळेच मेला, असं मी म्हणणार नाही. मारणारा लहान प्राण्यांच्या शिकारीला आला होता, असं त्याने सांगितलं. पण उपाशी गाव आणि पर्यटकांविना रिकामं जंगल एकमेकांना लागून असणं धोक्याचं आहे, एवढं खरं.

म्हणजे 'तिथे जा, पैसे खर्च करा, त्यांना आधार मिळेल' हा सल्ला अर्धाच. सगळा भार पर्यटकावर टाकला की एका आजाराने, एका युद्धाने, विमानांच्या एका संपाने डोलारा कोसळतो. सिंह मात्र त्या वर्षीही गुरं मारतोच.

मग जाणाऱ्याने काय करायचं? बुकिंगआधी तीन प्रश्न विचारा. जमीन कोणाची आहे? गावाशी लेखी करार आहे का? गावातले लोक गाइड आणि व्यवस्थापक आहेत, की फक्त सफाईला? ज्याच्याकडे खरी उत्तरं असतात तो आनंदाने सांगतो. गोलमोल बोलला तर समजून घ्या. आणि प्रवास अडला तर रद्द करण्याऐवजी जमल्यास पुढे ढकला, म्हणजे भरलेली रक्कम तिथेच राहते.

न जाणाऱ्यांसाठी नामिबियातच एक वेगळा प्रयोग चालू आहे, 'वाइल्डलाइफ क्रेडिट्स'. यात पैसे पर्यटक आल्याबद्दल मिळत नाहीत, प्राणी असल्याबद्दल मिळतात. देशाच्या ईशान्य टोकाला सोब्बे नावाची कॉन्झर्व्हन्सी आहे. तिथे पर्यटक फारसे जात नाहीत, पण हत्तींची ये-जा तिच्या जमिनीवरून होते. गावकऱ्यांनी तो पट्टा नांगरला नाही, मोकळा ठेवला. तिथे कॅमेरे लावलेत. हत्ती त्या वाटेने गेल्याची नोंद झाली की गावाच्या खात्यात पैसे जमा होतात, मग त्या हत्तीचा फोटो काढायला कोणी आलेलं असो वा नसो.