हे लिहिलंय कुणाला?

नमस्कार श्रोतेहो.

राजकीय लेख वाचून झाला की आपण पहिल्यांदा काय म्हणतो? पटला, किंवा नाही पटला. मी विद्यार्थ्यांना असे लेख देऊन त्यांवर लिहायला सांगतो, तेव्हाही हेच होतं. लेखाबद्दल लिहा म्हटलं, तरी बहुतेक जण लेखाच्या विषयावर स्वतःचं मत लिहून आणतात. मग मी कागद परत देतो आणि दोनच गोष्टी विचारतो: हा मजकूर कोणत्या प्रकारचा आहे आणि तो लिहिलाय कुणाला?

उत्तर पुष्कळदा सर्वनामात सापडतं. अग्रलेखाखाली नाव नसतं, कारण तिथं वृत्तपत्र बोलत असतं. म्हणून जुन्या वळणाच्या अग्रलेखात 'आम्हांस असे वाटते' असं येतं. सदर लिहिणारा नावानिशी लिहितो. तो 'मी' म्हणतो, आठवणी सांगतो, चिडतोही. आणि मग येतो 'आपण'. 'आम्ही हे सहन केलं' म्हटलं की वाचक बाहेर राहतो. 'आपण हे सहन केलं' म्हटलं की तो आत येतो, आणि त्याची संमती न विचारताच धरली जाते. मराठीनं दिलेली ही सोय फार मोलाची आहे. लेखात 'आपण' पहिल्यांदा कुठं आला, तिथं पेन्सिलीनं खूण करून बघा. लेखकानं कुणाला आपलं मानलंय ते तिथं कळतं.

काय समजावून सांगितलेलं नाही, तेही पाहावं. एखादा कायदा, एखादी जुनी फूट लेखक नुसती नावानं उल्लेखून पुढं जातो, तेव्हा ती आधीच ठाऊक असलेल्यांसाठीच तो लिहीत असतो.

आणि भाषा निवडली की वाचकही निवडला जातो. १८८१ च्या जानेवारीत टिळक-आगरकरांच्या मंडळींनी एकदमच दोन साप्ताहिकं काढली, मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. माणसं तीच, पण वाचक वेगळे.

वाचकांचा हा प्रश्न मला सर्वांत जास्त उलगडला तो एका पत्रातून. १३ जानेवारी १८९८ रोजी पॅरिसच्या 'लोरोर' दैनिकात पहिल्या पानावर फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचं पत्र आलं. कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती. खरा संशय ज्याच्यावर होता, त्या एस्टरहाझीला लष्करी न्यायालयानं दोनच दिवसांपूर्वी निर्दोष सोडलं होतं. मायना राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर यांच्या नावे. पण अंकाच्या प्रती छापल्या सुमारे तीन लाख. मायन्यातला वाचक एकच, खरा वाचक म्हणजे सगळं शहर.

झोलांचं शीर्षक साधं होतं: राष्ट्राध्यक्षांना पत्र. 'मी आरोप करतो' हा ठळक मथळा दैनिकानं दिला, पत्राच्या शेवटी पुन्हापुन्हा येणारे शब्द उचलून. त्या एका मथळ्यानं पत्राचं आरोपपत्र झालं. तिथं झोला एकेका अधिकाऱ्याचं नाव घेतात, आणि १८८१ च्या मुद्रण कायद्यातली बदनामीची कलमं आपण जाणूनबुजून ओढवून घेत आहोत, असंही लिहितात. कारण त्यांच्या मनात तिसरा वाचक होता: न्यायालय. लष्करी न्यायालयात जे बंद दाराआड चाललं, ते उघड्या न्यायालयात त्यांना आणायचं होतं. हा तिसरा वाचक लक्षात आला नाही, तर ती नावं म्हणजे नुसता संताप वाटतो.

पत्र संपतं ते 'मी वाट पाहतो आहे' असं म्हणून. वाट कशाची, तर खटल्याची. तो फेब्रुवारीत झाला आणि झोलांना एक वर्ष कैद आणि तीन हजार फ्रँक दंड झाला. ड्रेफस निर्दोष ठरले १९०६ साली. तोवर झोला हयात नव्हते.