नदीच्या नावाची पोरगी

मंडळी, सुरुवात एका बारशापासून करतो. गेल्या महिन्यात आमच्या शेजारी पाळणा होता. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नाव ठेवलं गोदा. मागून एक मावशी कुजबुजली, "अगं माय, इतकं जुनं कामून ठेवलं?" जुनं तर आहेच. किती जुनं, ते सांगतो.

गोदा म्हणजे गोदावरी. 'गो' म्हणजे गाय, 'दा' म्हणजे देणारी, अशी संस्कृतातली फोड. तिच्यामागं गौतम ऋषींची गोष्ट आहे. त्यांच्या शेतात गाय शिरली, त्यांनी दर्भाच्या काडीनं हाकलली आणि ती जागीच मेली. ते पातक फिटावं म्हणून त्यांनी तप केलं, तेव्हा शंकरानं जटेतली गंगा त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगरावर सोडली. म्हणून ती गौतमी, आणि म्हणूनच आपल्या तोंडी ती गंगा. 'गंगेला पूर आला' असं परभणीचा माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काशी नसते. गंगाखेड, गंगापूर, आपली सगळी गंगाथडी, म्हणजे गोदाकाठचा मुलूख, याच गंगेची. नांदेडच्या बाजारात 'ओ गंगाधर' अशी हाक मारून बघा, चार जण तरी मागं वळतील.

मला स्वतःला मात्र पोथीतल्या फोडीपेक्षा प्राकृतातलं रूप गोड वाटतं. पैठणच्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे प्राकृत गाथांच्या संग्रहात, ही नदी 'गोला' म्हणून येते. त्यातली एक गाथा फार चावट आहे. एक बाई नदीकाठच्या जाळीत प्रियकराला भेटते. पण एक धार्मिक बुवा रोज तिकडंच फिरायला येतो. तो कुत्र्याला भितो, हे तिला ठाऊक असतं. ती म्हणते, "बुवा, आता खुशाल फिरा. तो कुत्रा आज मारला गेला. गोलेकाठच्या जाळीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं मारला!" आता बुवा कशाला फिरकतोय? काश्मीरच्या आनंदवर्धनानं काव्यातल्या सूचक अर्थावरच्या आपल्या 'ध्वन्यालोक' ग्रंथात हीच गाथा उदाहरणाला घेतली आहे. तोंडानं 'या' म्हणायचं आणि सुचवायचं 'येऊ नका', ही कला त्या पंडिताला आपल्या गंगाथडीच्या बाईकडून घ्यावी लागली, एवढं लक्षात ठेवा.

पालीत, सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथात, हीच नदी 'गोधावरी' होते. तमिळ मुलखात कुणी गोदा भेटली तर मात्र घाई करू नका. आंडाळ या संत कवयित्रीचं ते नाव. ते मूळचं 'कोदै', म्हणजे फुलांची माळ. त्याचा आपल्या नदीशी संबंध नाही.

आता गंमत ऐका. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, नवव्या श्लोकात सांगितलंय की नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी बायको करू नये. पोथी म्हणते करू नये, आणि आपल्या काठानं घरोघर गोदावरी, गंगा, पूर्णा नांदवल्या. त्यांना बिनलग्नाच्या ठेवायच्या होत्या काय? पोथी राहिली पोथीच्या जागी. दुधना, सिंदफणा याही इकडच्याच नद्या, पण त्यांचं नाव मात्र कुणी पोरीला ठेवलेलं मी ऐकलं नाही. का, देव जाणे.

१९७६ साली पैठणला जायकवाडीचं धरण झालं, त्याचा जलाशय नाथसागर भरला. तरी खालच्या गावांत उन्हाळ्यात पात्रात वाळूच दिसते. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी राहिलेली गोदावरी मी पाहिली आहे. तिला मी नावाचा अर्थ सांगायला गेलो नाही.

माझी आजीही गोदावरीच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि ती लक्ष्मी झाली. पण लहानपणी डाव्या हातावर, तुळशीच्या चित्राखाली, गोंदणारणीनं दोन अक्षरं टोचली होती, 'गोदा'. ती कशी पुसणार? सासरचे लक्ष्मी म्हणत. दिवाळीला मूळ घेऊन आलेला भाऊ मात्र उंबऱ्यातूनच ओरडायचा, "गोदे, आवर गं!"

ती गेल्यावर वारसाची नोंद करायला गेलो. माहेरच्या जमिनीच्या कागदावर गोदावरी, सासरच्या कागदावर लक्ष्मीबाई. या दोन बायका कोण, असं विचारलं गेलं. मग शंभर रुपयांच्या स्टँपवर मी लिहून दिलं की गोदावरी आणि लक्ष्मीबाई ही एकच बाई होती. खाली माझी सही आहे.