आधी कॉलेज, मग परीक्षा

(न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज समोर दोन तऱ्हेचे श्रोते बसलेत. काहींची मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत आहेत आणि कॉलेजच्या फीचे आकडे पाहून त्यांची झोप उडाली आहे. काहीजणी लग्नानंतर इकडे आल्या, तिकडचं बी.ए. किंवा बी.कॉम. झालेलं किंवा अर्धवट राहिलेलं, आणि आता इथली पदवी हवी आहे. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. परीक्षा देऊन कॉलेजची क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची एककं, मिळवता येतात आणि त्यात खरोखर हजारो डॉलर वाचतात. पण ते क्रेडिट परीक्षा घेणारी संस्था देत नाही, तुमचं कॉलेज देतं. म्हणून कॉलेज आधी ठरवायचं आणि परीक्षा नंतर निवडायची. लोक नेमकं उलटं करतात.

इथली बॅचलर्सची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. एक कोर्स बहुधा ३ क्रेडिटचा, म्हणजे चाळीसेक कोर्स झाले. त्यातले बरेचसे कोर्स मुख्य विषयाचे नसतातच: इंग्रजी लेखन, गणित, एखादं विज्ञान, इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र. इंजिनिअर व्हा नाहीतर अकाउंटंट, यातलं काही ना काही करावंच लागतं. सरकारी विद्यापीठातसुद्धा अशा एका कोर्सला अनेक ठिकाणी हजार डॉलरच्या वर पडतात. हाच भाग परीक्षेने सर करण्यासारखा आहे.

यातली सगळ्यात जुनी आणि रुळलेली परीक्षा म्हणजे क्लेप (कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम). कॉलेज बोर्डाने ती १९६७ मध्ये सुरू केली. कॉलेजप्रवेशाची ‘एसएटी’ घेणारं बोर्ड तेच. तीसहून अधिक विषय आहेत. संगणकावर दीड-दोन तासांचा पेपर, वर्षभर कधीही देता येतो, आणि बहुतेक विषयांत गुण तिथल्या तिथे कळतात. गुण २० ते ८० मध्ये मोजतात. कोणत्या गुणांना किती क्रेडिट द्यावं याची शिफारस अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही कॉलेज-विद्यापीठांची संघटना करते आणि ती साधारणपणे ५० गुणांची आहे. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास, वर केंद्राचा थोडा आकार. मॉडर्न स्टेट्स नावाची एक धर्मादाय संस्था आहे. तिचा ऑनलाइन कोर्स फुकट पुरा केला की ती परीक्षेच्या फीचं व्हाउचरही देते. म्हणजे मन लावून अभ्यास करणाऱ्याला तीन क्रेडिट जवळपास फुकट पडू शकतात. एवढी मोठी सोय आपल्या कितीतरी घरांत माहीतच नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. कौन्सिलची ती शिफारसच असते, हुकूम नव्हे. एक कॉलेज ५० गुणांना क्रेडिट देईल, दुसरं त्याच विषयाला जास्त गुण मागेल. तिसरं क्रेडिट देईल, पण ‘इलेक्टिव्ह’ म्हणून. म्हणजे १२० च्या बेरजेत ते धरलं जाईल, पण सक्तीचा कोर्स काही सुटणार नाही. हार्वर्डसारखी विद्यापीठं क्लेप मानतच नाहीत. उलट फ्लोरिडात कोणत्या परीक्षेला किती क्रेडिट द्यायचं याचं कोष्टक राज्यानेच सरकारी कॉलेजांना ठरवून दिलं आहे. म्हणून कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘क्रेडिट बाय एक्झाम’चं पान शोधा आणि चार गोष्टी पाहा: किती गुण लागतात, कोणत्या कोर्सच्या बदल्यात क्रेडिट मिळतं, परीक्षेतून एकूण किती क्रेडिट घेतात, आणि त्यांच्याकडेच बसून किमान किती क्रेडिट करावी लागतात. ही शेवटची अट अनेक कॉलेजांत ३० क्रेडिटची असते आणि लोक तीच विसरतात.

ज्यांना कॉलेजात जाणं जमणारच नाही, नोकरी आहे, लहान मूल आहे, त्यांनी तीन संस्थांची नावं लिहून घ्या. न्यूयॉर्कचं एक्सेल्सिअर, आपल्या ट्रेंटनमधलं थॉमस एडिसन स्टेट, आणि कनेटिकटमधलं चार्टर ओक. १९७१ ते १९७३ या तीन वर्षांत तिन्ही स्थापन झाल्या आणि हेतूही एकच होता: मोठ्या माणसाने बाहेर, कामावर, स्वतःच्या अभ्यासातून जे शिकलंय त्याचं मोल करून त्याला पदवीपर्यंत नेणं. ज्याला शाळा जवळपास लाभलीच नाही त्या एडिसनचं नाव एका विद्यापीठाला मिळालं, आणि त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा जिथे होती त्या एडिसन गावात आज आपली कितीतरी मंडळी राहतात. या तिन्ही संस्थांना रीतसर मान्यता आहे. परीक्षेची आणि दुसरीकडची क्रेडिट त्या भरपूर घेतात, स्वतःचे सक्तीचे कोर्स मोजकेच ठेवतात. एक अडचण मात्र येते. पदवीला वरच्या पातळीची, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या कोर्सची क्रेडिटही लागतात आणि क्लेप जवळजवळ सगळी खालच्या पातळीची आहे. तिथे डीएसएसटी नावाच्या परीक्षा उपयोगी पडतात. मुळात त्या सैनिकांसाठी निघाल्या, आज सर्वांना खुल्या आहेत, आणि त्यातल्या काही विषयांना वरच्या पातळीचं क्रेडिट मिळतं.

तिकडे पदवी झालेल्यांसाठी जरा सविस्तर बोलतो. समजा, तुमचं बी.कॉम. झालंय. तुम्हाला साहजिक वाटणार, हिशेब येतातच, तर क्लेपची फायनान्शियल अकाउंटिंग देऊन टाकू. थांबा. आधी तुमच्या मार्कशीटचं इथल्या मूल्यांकन संस्थेकडून कोर्सवार मूल्यांकन करून घ्या. कॉलेज कोणत्या संस्थांचा अहवाल मानतं, तेही आधी विचारा. अहवालात अकाउंटिंगची क्रेडिट बहुधा आलेलीच असतात, आणि एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही. म्हणजे परीक्षेत उत्तम गुण पडूनही हाती काही लागत नाही. तुमच्याकडे नसतं ते वेगळंच: अमेरिकेचा इतिहास, इथली शासनव्यवस्था, इंग्रजी लेखन, एखादं विज्ञान. क्लेप द्यायची ती यांची. इतिहासाचे दोन पेपर आहेत, पहिला १८७७ पर्यंतचा आणि दुसरा १८६५ पासून आजपर्यंतचा. कागदावर दोन रकाने करा, आलेलं आणि राहिलेलं, आणि परीक्षा फक्त दुसऱ्या रकान्यातून निवडा.

मुलांचं म्हणाल तर शाळेत एपीचा (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा) विषय असेल आणि मूल तो मनापासून करत असेल तर एपीच करू द्या. निवडक कॉलेजं क्लेपपेक्षा एपीला जास्त मान देतात. पण एपीची परीक्षा वर्षातून एकदा, मे महिन्यात. त्यात गुण कमी पडले किंवा शाळेत तो विषयच नसला, तर क्लेप आहे. शाळेत चार वर्षं स्पॅनिश चांगलं केलेल्या मुलाने तर ती द्यावीच. कौन्सिलच्या शिफारशीप्रमाणे त्या एका पेपराला ६ ते ९ क्रेडिट मिळू शकतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ज्या विषयावर पुढचं सगळं उभं राहणार आहे, तो परीक्षेने टाळू नका. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याने कॅल्क्युलस वर्गात बसून करावं. डॉक्टरीला जाणाऱ्याने जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र कॉलेजातच करावं, कारण पुष्कळ मेडिकल कॉलेजं हे विषय परीक्षेच्या क्रेडिटवर मान्य करत नाहीत. तिथे वाचवलेले पैसे पुढे महागात पडतात.

(एका ताईंनी विचारलं: भाचा एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे, त्याला चालेल का?)

परीक्षा देता येईल, क्रेडिटही मिळेल. पण बॅचलर्सला असलेल्या एफ-१ विद्यार्थ्याला दर सत्रात साधारण १२ क्रेडिटचे कोर्स घ्यावेच लागतात आणि परीक्षेची क्रेडिट त्यात धरत नाहीत. त्यामुळे सत्राचा खर्च कमी होणार नाही, एखादं सत्र मात्र वाचू शकेल. नाव नोंदवण्याआधी त्याने कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावं. एच-४ वर, म्हणजे इथे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असलेल्यांना ही १२ क्रेडिटची अट नाही. त्या हवे तेवढेच कोर्स घेऊ शकतात.

(दुसरा प्रश्न: नापास झालं तर?)

क्लेपचे कमी गुण तुम्ही कॉलेजला पाठवले नाहीत तर ते कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) येत नाहीत, आणि या परीक्षेचा जीपीएवर (गुणांच्या सरासरीवर) परिणाम होत नाही. तोच पेपर पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं. म्हणून ज्या सत्रासाठी क्रेडिट हवंय त्याच्या चार-पाच महिने आधी पहिला प्रयत्न करा. आणि रजिस्ट्रारच्या कार्यालयाला ईमेल करून परीक्षेचं नाव, लागणारे गुण आणि बदल्यात सुटणारा कोर्स यांचं उत्तर लेखी मागवून ठेवा. फोनवरचा होकार दोन वर्षांनी कुणाच्या लक्षात राहत नाही. पदवीची तपासणी कागदावरूनच होते.