कापसाची जीभ

[काळा पडदा. पिल्लांची बारीक, न थांबणारी कुंईकुंई.]

हा आवाज भुकेचा नाही. आम्हाला मात्र रात्रभर तो भुकेचाच वाटला.

[दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. विजेच्या तारेत अडकलेला फाटका पतंग.]

बडोदं, दांडिया बाजार. गायकवाड सरकारच्या चाकरीला आलेल्या मराठी माणसांचे वाडे इथे भिंतीला भिंत लावून उभे असायचे. बरेचसे पडले, त्यांच्या जागी इमारती झाल्या. हा एक उरलाय. याच्या जिन्याखाली, जुनी सायकल आणि रंगाचे रिकामे डबे पडलेले असतात तिथे, 11 जानेवारीच्या पहाटे चिंगी कुत्री व्याली. पाच पिल्लं.

थंडीत कुत्री व्याली की गुजरातेत पोरं घरोघर फिरतात. कुणाकडून वाटीभर पीठ, कुणाकडून गूळ, कुणाकडून तेल, आणि बाळंतिणीसाठी शिरा होतो. शेजारच्या पोळातली, म्हणजे गल्लीतली, पोरं 'गलुडियां आव्यां', पिल्लं आली, करत आली, वाड्यातली त्यांच्यात मिसळली आणि पळी शेवटी आजींच्या हातात गेली. शिऱ्यात तूप नाही, तेल, हे पाहून त्यांनी नाक मुरडलं ते वेगळं.

तीन दिवस सुखाचे गेले. मग उत्तरायण आलं, गुजरातेतली पतंगांची संक्रांत.

[दृश्य: रस्त्यावर गुंतलेला मांजाचा गुंडाळा, जवळून.]

14 आणि 15, दोन दिवस बडोदं गच्चीवर असतं. 16 तारखेला तोच सगळा मांजा रस्त्यावर असतो. चिंगीचा मागचा पाय त्यात सापडला आणि चिरला. दवाखान्यात नेलं, टाके पडले. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर बसवली. पोरांनी तिचं नाव 'लाउडस्पीकर' ठेवलं.

घरी पाच पिल्लं आहेत हे दवाखान्यात आम्ही सांगितलं नाही, आणि त्या गर्दीत कुणी विचारलंही नाही.

[दृश्य: चिंगी आडवी. पिल्लं आचळांना लागलेली. ती मान वळवते, कॉलर जमिनीवर खटकन आपटते.]

इथे थांबून बघा. पिल्लं पितायत, दूध भरपूर आहे. आई मान वळवते, जीभ बाहेर काढते आणि जीभ प्लास्टिकला लागते. पुन्हा वळवते. पुन्हा प्लास्टिक. आम्ही हे संध्याकाळभर पाहत होतो आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

नवजात पिल्लाला आपलं आपण शी-शू करता येत नाही. पहिले दोन-तीन आठवडे तरी नाहीच. डोळे उघडतात दहाव्या ते चौदाव्या दिवशी, कान त्याच्याही नंतर, आणि हे नियंत्रण त्याहून उशिरा येतं. तोवर दूध पाजून झालं की आई पिल्लाला उलथं करते आणि शेपटीखाली, पोटाखाली चाटते. त्या खरखरीत, ओल्या, गरम स्पर्शाने मज्जारज्जूच्या टोकाशी एक प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते आणि पिल्लू मोकळं होतं. जे बाहेर येतं ते आई गिळून टाकते. आपल्याला किळस येईल, पण त्यामुळेच जिन्याखाली कधी वास नव्हता. इतके दिवस एकदाही झाडावं लागलं नव्हतं, याचं आम्हाला नवल वाटायला हवं होतं.

म्हणजे या वयात पोट तुंबलं की पहिला प्रश्न 'काय खाल्लं?' हा नव्हे. आई चाटतेय का, हा. पहिलटकरीण बावरलेली असते, कधी तापलेली असते, कधी तिची सड सुजलेली असते, कधी ती नसतेच. आमच्याकडे ती होती, दूधही देत होती, फक्त तिची जीभ प्लास्टिकच्या पलीकडे अडकली होती.

[दृश्य: आजींचा हात. तळहातावर विड्याच्या पानाचा देठ, शेजारी वाटीत एरंडेल.]

17 तारखेला सकाळी पिल्लांची पोटं टम्म. बोटाने टिचकी मारावी तर नगारा. एरंडेलात बुडवलेला देठ शेपटीखाली आत सरकवायचा म्हणून आजी तो घेऊनच खाली आल्या. या घरातली चार बाळं या देठावर मोकळी झालीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नसणार. पण माणसाचं बाळ तीन किलोचं असतं. हे पिल्लू पाव किलोला थोडं जास्त.

डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवरच बोलले. "आजी, देठ राहू द्या. आतली कातडी कागदासारखी असते, फाटेल. एरंडेल पोटात नको, गुटीही नको. आधी पिल्लाच्या तोंडात करंगळी घालून बघा, गरम लागतंय का?"

हा प्रश्न आम्हाला चमत्कारिक वाटला. कारण मागाहून कळलं. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं अंगच मुळी 35 ते 37 अंशांचं असतं, आपल्यापेक्षा गार. त्याला कुडकुडताही येत नाही, कुडकुडून ऊब आणणं हे पुढचं शिक्षण. अंग गार पडलं की आतडं थबकतं. तशात दूध पाजलं तर ते पोटात नुसतं साचून राहतं. म्हणून आधी ऊब, मग पोट, मग दूध. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोत्याच्या एका कडेला ठेवली. एकाच कडेला, म्हणजे नको झालं तर पिल्लाला सरकता येतं.

[दृश्य: अगदी जवळून. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा.]

आता कापूस. कोमट पाणी मनगटावर घालून पाहायचं, बाळाच्या अंघोळीचं पाहतो तसं. बोळा भिजवून पिळायचा. पिल्लू तळहातावर. शेपटीखाली अगदी हलक्या हाताने, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी पुसत राहायचं. घासायचं नाही, दाबायचं नाही. आईची जीभ आठवायची, झालं.

अर्धं मिनिट काही नाही. मग शू. पातळ, फिकट. थांबायचं नाही. दुसरा हात पोटावर, दोन बोटांनी मऊ गोल गोल. एक मिनिट गेलं. आणि मग...

[निवेदन थांबते. पिल्लाची शेपटी थरथरते, उंचावते. कापसावर पिवळी, टूथपेस्टसारखी रेघ.]

मोहरीच्या रंगाची, मऊ. हीच निरोगी शी. आजींनी "आली ग बाई!" म्हणून कपाळाला हात लावला. पिल्लू तिथेच, तळहातावर, झोपी गेलं. कुंईकुंई एका पिल्लापुरती बंद.

दुसरं, तिसरं सोपं गेलं. चौथ्याच्या शेपटीखालचे केस जुन्या शीने चिकटून वाळले होते, वाटच बंद. तिथे जोर करून ओढायचं नाही. कोमट पाण्याने भिजवलं, पाच-सात मिनिटांनी पापुद्रा आपोआप सुटला.

पाचवं काळं. त्याने शू केली आणि पुढे काही नाही. पोट तसंच घट्ट, तोंड आचळाला लागेना. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते कालच्यापेक्षा कमी भरलं. या वयात वजन रोज चढायला हवं, दहाएक दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. घसरलं की घरचे उपाय संपले.

[दृश्य: दवाखान्याचं टेबल. फक्त हात दिसतात.]

डॉक्टरांनी आधी पाहिलं ते, छिद्र मुळात आहे ना. काही पिल्लं त्याच्याशिवायच जन्मतात, त्यांना कापूस काय करणार? याला होतं. मऊ नळीने अगदी थोडं कोमट पाणी आत सोडलं, आणि खड्यासारखी गाठ बाहेर आली. हे आपण घरी करून पाहायचं नाही. औषधाच्या दुकानात माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा तर पिल्लाच्या जिवावर बेततो.

[दृश्य: रिकामा जिना. निवेदकाचा आवाज जरा खाली.]

एक सांगतो. दोन हिवाळ्यांपूर्वी असंच एक पिल्लू माझ्याकडे आलं होतं, आई नसलेलं. कुत्रीचं दूध गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट घट्ट, चरबीनेही आणि प्रथिनांनीही, हे कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मी पिल्लांच्या दुधाची पावडर मापापेक्षा जास्त घातली. ताकद यावी म्हणून. बाळासारखं उताणं धरून पाजलं. उताणं धरलं की दूध फुप्फुसात जाऊ शकतं, पालथंच धरायचं असतं. पावडर वाढली की पाणी कमी पडतं आणि शी दगड होते. कापूस फिरवायचा असतो हे तर गावीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

[दृश्य: चिंगीची कॉलर काढताना. दोन माणसं.]

डॉक्टरांना विचारून वाट निघाली ती अशी. पाजून झालं की दहा मिनिटं कॉलर काढायची. एकाने तिच्या मागच्या पायाशी बसायचं, तोंड टाक्यांकडे वळलं की हात आडवा. बाकी तिचं ती करते. रात्री दोन वाजता मात्र दोन-दोन माणसं उठत नाहीत, तेव्हा एकट्याने कापूस. त्या कापसाची पाळी आम्ही लावली होती. आजी पाळीत नव्हत्या आणि सगळ्यांत जास्त वेळा त्याच उठल्या.

[दृश्य: चिंगी काळ्या पिल्लाला नाकाने उलथं करते. चाटण्याचा आवाज, मोठा, जवळून.]

27 तारखेला टाके निघाले, कॉलर अडगळीत गेली.

[दृश्य: 2 फेब्रुवारी. पोत्यावरून काळं पिल्लू लडबडत उतरतं, चार पावलं जातं, आजींच्या चपलेशी थांबतं. बसतं.]

आई झोपलेली. कापूस कपाटात. त्याचं त्यानेच केलं.

[आजी वाकतात, चष्मा वर करून चपलेकडे नीट बघतात.]

"मऊ आहे हो," त्या म्हणाल्या, आणि चप्पल नळाखाली धरली.