छोटा झटका आणि सीआरपीचा आकडा

[दृश्य: धंतोली, सकाळ. रक्त तपासणी केंद्राबाहेरची रांग.]

नागपुरातील धंतोली आणि रामदासपेठेतील तपासणी केंद्रांत सकाळी रक्त द्यायला आलेल्यांमध्ये, मेंदूचा छोटा झटका नुकताच येऊन गेलेले काही जण असतात. हात पुन्हा हलू लागलेला असतो, बोलणेही समजते. पण रिपोर्टमध्ये ‘सीआरपी’, म्हणजे शरीरातील दाह (सूज) दाखवणारे प्रथिन, यासमोर ठळक छापलेला आकडा पाहून घरचे धास्तावतात आणि माणूस पूर्वीसारखा होईल की नाही, हे त्या आकड्यातच शोधू लागतात.

छोटा झटका अनेकदा असा येतो: मेंदूच्या खोल भागातील एखादी बारीक रक्तवाहिनी बंद पडली, की साधारणपणे १५ मिलिमीटरपर्यंतचा भाग रक्ताविना मरतो. गुठळीमुळे किंवा वाहिनी बंद झाल्यामुळे होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे एक चतुर्थांश पक्षाघात या प्रकारचे असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना जीभ जड झाली किंवा तोंड किंचित वाकडे झाले, तर ‘ऊन लागले’ असे समजून पन्हे पाजून झोपवण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण दुसरा आणि कदाचित मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो.

[दृश्य: मेंदूचे रेखाचित्र. मृत भागाभोवती जमणाऱ्या पेशी.]

मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे पदार्थ मेंदूतील संरक्षक पेशींना जागे करतात. त्यातून इंटरल्युकिन-६ सारखे संदेशवाहक रक्तात उतरतात, ते यकृतापर्यंत पोहोचतात आणि यकृत सीआरपी हे प्रथिन तयार करू लागते. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये हे प्रथिन न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम ओळखले. मेंदूशी त्याचा तेव्हा काहीच संबंध नव्हता, आणि आजही ते दाह कुठे आहे हे सांगत नाही. शिवाय दाह म्हणजे केवळ नुकसान नव्हे. मेलेल्या पेशींचा कचरा याच संरक्षक पेशी उचलतात आणि त्यानंतरच दुरुस्तीला जागा मिळते.

मोठ्या पक्षाघातात सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ जास्त असलेल्या रुग्णांची सुधारणा सरासरीने कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. छोट्या झटक्यात मात्र मृत भागच इतका लहान असतो, की त्याच्यामुळे होणारी सीआरपीची वाढ अनेकदा किरकोळ असते. म्हणून आकडा बराच वर असेल, तर आधी फुप्फुसांतील किंवा लघवीतील जंतुसंसर्ग शोधावा लागतो. तो नसेल, तर मधुमेह, लठ्ठपणा, हिरड्यांचा आजार आणि विदर्भात घरोघरी ओळखीचा असलेला खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण), म्हणजे झटक्याच्या आधीपासून शरीरात चाललेला दाह, याकडे वळावे लागते. माझ्या मते या तपासणीचा खरा उपयोग इथेच आहे, आणि तोच सर्वात कमी करून घेतला जातो.

दाह औषधाने दाबून पाहण्याचा प्रयत्नही झाला आहे. चीनमधील ‘चान्स-३’ या चाचणीत छोटा झटका किंवा त्याची पूर्वसूचना मिळालेल्या, आणि अतिसंवेदनशील सीआरपी (अगदी कमी प्रमाणही मोजणारी तपासणी) लिटरमागे २ मिलिग्रॅम किंवा अधिक असलेल्या ८,३४३ रुग्णांचा समावेश होता. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, ९० दिवसांत कोल्चिसिन हे दाह कमी करणारे औषध घेणाऱ्यांपैकी ६.३ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ६.५ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला; म्हणजे फरक जवळजवळ नव्हताच.

[दृश्य: भौतिकोपचार कक्ष. शर्टाची बटणे लावणारा हात.]

सुधारणा मोजायची तर चालण्याचा तोल, बटणे लावणारी बोटे, हिशेब करतानाची एकाग्रता, सततचा थकवा आणि उदासी यांकडे पाहावे लागते, कारण छोट्या झटक्यानंतर रेंगाळणारे त्रास बहुधा हेच असतात.

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवताना रक्त कोणत्या दिवशी घेतले, त्या आठवड्यात ताप किंवा खोकला होता का आणि तपासणी साधी की अतिसंवेदनशील होती, हे जरूर सांगावे. एककही तपासावे, कारण डेसिलिटरमागचा आकडा लिटरमागचा समजून वाचला, तर निष्कर्ष दहा पटींनी चुकतो.