ढेकळांत उतरलेलं विमान

श्रोतेहो, नमस्कार.

२५ जुलै २०२२. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक छोटं विमान उतरलं. उतरलं कसलं, आदळलंच. बारामतीहून निघालेलं सेसना १५२, आत २२ वर्षांची शिकाऊ वैमानिक, एकटीच. इंजिनाची ताकद गेली होती. पोरगी किरकोळ जखमांवर वाचली.

अशी बातमी आली की कुणीतरी विचारतंच, इंजिन बंद पडल्यावर विमान दगडासारखं कसं पडत नाही? अहो, घाट उतरताना गाडीचं इंजिन बंद पडलं तर गाडी जागच्या जागी थांबते का? विमानाचा उतार म्हणजे त्याची उंची. सेसना १५२ चं नाक जरा खाली ठेवून ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटरचा वेग राखला, तर हजार फूट उंचीवर ते दीड सागरी मैल तरंगत जातं. तीन हजार फुटांवर असाल तर आठेक किलोमीटर. हातात चार-साडेचार मिनिटं.

तेवढ्यात शेत निवडायचं. वरून सगळं हिरवं गोड दिसतं, पण ऊस पुरुषभर उंच असतो. विजेच्या तारा तर दिसतच नाहीत, खांब शोधावे लागतात. वारा कुठला ते चुलीच्या धुरावरून बघायचं. नांगरट असेल तर सरीच्या दिशेनं उतरायचं, आडवं नाही. नाहीतर पुढचं चाक रुततं आणि विमान कोलांटी खातं.

इंजिन का रुसतं? कारणं पुष्कळ. कडबनवाडीचं मी सांगत नाही, पण कार्बुरेटर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, असलेल्या विमानांचं एक जुनं दुखणं सांगतो: बर्फ. हसू नका. माठातलं पाणी गार का होतं? झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं. पेट्रोलही तेच करतं. कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यात तापमान वीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उतरतं. बाहेर पावसाळी, दमट वीस-बावीस अंश असले तरी आत बर्फ धरतो, हवेची वाट बुजते. त्यासाठी गरम हवेची एक मूठ असते, ती ओढायची. गंमत अशी, की ओढल्यावर इंजिन आधी जास्तच खोकतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. नवखा घाबरून मूठ पुन्हा आत ढकलतो. तिथंच फसतो.

सगळ्यात वाईट म्हणजे उड्डाण होतंय तेवढ्यात, चार-पाचशे फुटांवर इंजिन जाणं. मागे धावपट्टी दिसत असते, मन तिकडेच ओढतं. पण वळायला उंची खर्ची पडते, आणि तीच नसते. अशा वेळी समोर, जरा डावी-उजवीकडे, जे मिळेल ते आपलं. वळून परतायच्या मोहात कितीतरी जाणते वैमानिक गेलेत.

टेकायच्या आधी पेट्रोल बंद, इग्निशन बंद, आणि दाराची कडी काढून ठेवायची. सांगाडा पिचला की दार अडकतं.

आता शेतकरी श्रोत्यांसाठी. उद्या तुमच्या वावरात असं पाखरू बसलंच, तर धावत जा, माणसाला बाहेर काढा. पण पुढच्या पंख्याला हात लावू नका, बंद दिसला तरी तो गरकन फिरू शकतो. आणि टाक्या पंखांतच असतात, पेट्रोल गळत असतं. तंबाखू मळा हवी तर. विडी मात्र खिशातच राहू द्या.