ग्रामसभा भरते कुठं?

अध्यक्ष महोदय आणि गोदाघाटावर जमलेल्या मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘भेदभावविरोधी कायदा आणि आपल्या निवडणुका’. पण काळाराम मंदिर इथून हाकेच्या अंतरावर असताना रथाबद्दल बोलल्याशिवाय मला कायद्याकडं जाता येणार नाही.

२ मार्च १९३० तुम्हाला पाठ आहे, दलितांना काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला तो दिवस. मी त्यानंतरच्या रामनवमीबद्दल बोलतेय, ९ एप्रिलबद्दल. महिनाभर मंदिराची दारं बंद आणि सत्याग्रही दारांसमोर बसलेले. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड सगळी व्यवस्था बघताहेत. रामाचा रथ निघायचा दिवस आला तसा समझोता झाला, की सवर्ण आणि सत्याग्रही अशा दोन्ही बाजूंच्या तगड्या गड्यांनी मिळून रथ ओढायचा. बाबासाहेब स्वतः निवडक माणसं घेऊन हजर राहिले. आणि सत्याग्रहींचे हात दोराला लागायच्या आत रथ पळवला गेला. दगडफेक झाली, डोकी फुटली. (मागच्या मंडळींना ऐकू येतंय ना? पुढं या, सतरंजी मोकळी आहे.)

मला यातली एकच गोष्ट छळते. शब्द दिलेला होता. दोर कुणी धरायचा हे ठरलेलं होतं. पण रथ हलवायचा कधी आणि न्यायचा कुठून, हे ज्यांच्या हातात राहिलं त्यांनीच समझोता मोडला. सत्याग्रह पुढंही चालला. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्रातून कळवलं, की मंदिरप्रवेश हे काही अंतिम साध्य नव्हतं, आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावायची. पुढं १९५७ साली हेच दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. या गावाला त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे, आणि तो अजून पुरेसा वाटत नाही, हे मी स्पष्ट बोलते.

आता माझं दुखणं सांगते. पंचायत समितीत विस्तार अधिकारी असताना मी जिल्ह्यातल्या एका गावच्या ग्रामसभेला गेले. सभा मारुतीच्या पारावर. वडीलधारी पुरुषमंडळी वर टेकून बसलेली आणि बायका खाली, रस्त्यापलीकडच्या भिंतीला धरून, डोक्यावर पदर घेऊन. सरपंचबाईसुद्धा तिथंच! मी म्हटलं, “ताई, वर चला.” त्या म्हणाल्या, “मॅडम, सासरे बसलेत ना वर.” ठराव वाचले गेले, ट्रॅक्टर गेला, निम्मं ऐकूच आलं नाही. नंतर ग्रामसेवक रजिस्टर घेऊन खाली आले, बोटानं जागा दाखवली आणि बाईंनी सही केली. मी ते रजिस्टर मागची पानं उलटून पाहिलं. उपस्थितीत महिला सदस्यांच्या सह्या बिनचूक. सूचक आणि अनुमोदक, म्हणजे ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा, या जागी मात्र पुरुषांचीच नावं. एका ठरावावर तेवढं बाईचं नाव होतं, विहिरीला कठडा बांधण्याच्या. ते पान मी दोनदा वाचलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, थोडीच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ विषय भराभर सांगते.

घटनेच्या ३२५व्या कलमानं सगळ्यांची मतदारयादी एक केली. धर्म, वंश, जात, लिंग एवढ्याच कारणावरून कुणाला वगळता येत नाही. ही पहिली पायरी. दुसरी खुर्चीची. १९९३मध्ये त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायती आणि नगरपालिकांत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रानं २०११ साली हा वाटा वाढवून एकूण जागांच्या निम्मा केला. महिलेसाठी राखीव पदावरच्या सरपंचबाईंवर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश मतं लागतात. प्रचारात जातीच्या नावानं मतं मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं, की उमेदवाराचीच नव्हे, मतदाराची जात पुढं करूनही मत मागता येणार नाही. आरक्षण फिरतं राहतं, त्यामुळं बाई कारभार शिकते तोवर तिचा वॉर्ड खुला होतो. यावर एक वेगळं व्याख्यान लागेल, आज सोडून देते.

यादी झाली, खुर्ची झाली. तिसरी पायरी म्हणजे जिथं निर्णय होतो ती जागा. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद आपल्याकडं आहे. ती बहुतेक कागदावर होते, कारण ती कुठं आणि किती वाजता भरवायची हे तेच ठरवतात, जे पारावर बसतात. रथ पुन्हा त्यांच्याच हातात!

इथं ग्रामसेवक बसलेत, सदस्यही आहेत. पुढच्या ग्रामसभेची नोटीस काढाल तेव्हा जागा शाळेची किंवा अंगणवाडीची लिहा, वेळ बायका शेतातून आल्यानंतरची ठेवा, आणि महिला सभेतून आलेल्या ठरावाला सूचक म्हणून जिनं तो मांडला तिचंच नाव घाला. यासाठी नवा कायदा लागत नाही, वरून आदेश यायची वाट बघावी लागत नाही. कुणी अडवलं तर मला फोन करा, मी येते.